बिटाशी रक्ताचं नातं

मराठी घरात बीट भाजीच्या पिशवीतून येत नाही, पॅथॉलॉजी लॅबच्या पाकिटातून येतं. रिपोर्टात हिमोग्लोबिनच्या आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण दिसला, की डॉक्टरांनी चष्मा लावायच्या आत घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंचं निदान तयार असतं. "तरी मी सांगत होते, बीट खा म्हणून." डॉक्टर गोळ्या काय लिहून देतात ते नंतर बघू, आधी अर्धा किलो बीट आणा.

एरवी या कंदाची आठवण कुणालाही येत नाही. वांग्याचं भरीत खावंसं वाटतं, अळूच्या फदफद्यावरून लग्नाच्या पंगती आठवतात, वालाच्या बिरड्यासाठी माणसं लोकल बदलून मावशीकडे जातात. पण "फार दिवसांत बीट खाल्लं नाही गं" असा उसासा टाकलेला माणूस मी पाहिलेला नाही. डोहाळ्यांच्या यादीत चिंच आहे, कैरी आहे, माती आहे, पाटीवरची पेन्सिलसुद्धा आहे, बीट नाही. आणि मातीच खायची तर बीट सोयीचं पडलं असतं. पहिल्या पावसात अंगणातून जो वास येतो त्यातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन, आणि बिटाला वास येतो तोही त्याचाच. अंगणातून आला की त्यावर कविता होतात, ताटातून आला की "नीट धुतलं नाहीस का?" असं विचारलं जातं.

तरीही बीट खाल्लं जातं, कारण ते लाल आहे.

रक्त लाल, बीट लाल, सबब बिटाने रक्त वाढतं. या तर्काला उगाच हसू नये, तो युरोपातही एके काळी मोठ्या थाटात चालायचा. वनस्पतीचं रूप बघून तिचा गुण ठरवायचा, असं एक आख्खं शास्त्र सोळाव्या-सतराव्या शतकात तिकडे होतं. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून डोक्याला चांगला, अशा चालीचं. तिकडे ते मागे पडलं. आपल्याकडे ते फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतं, वर गुलाबाचं फूल आणि खाली "दहा जणांना पाठवा" ही सूचना. या हिशेबाने जास्वंद, कुंकू आणि नाक्यावरची टपालपेटी यांनाही रक्तवर्धक मानायला हवं, पण ज्येष्ठांशी वाद घालायचा नाही असं आपल्यावर संस्कार आहेत.

वाद नको, हिशेब करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम बिटात ते असतं पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसत्या बिटावर लोहाची गरज भागवायची तर रोज साडेतीन-चार किलो बीट पोटात जायला हवं. एवढं बीट सोलायचं कुणी? जिचं हिमोग्लोबिन कमी तिनेच, बाकीच्यांना ऑफिसला जायचं असतं. शिवाय वनस्पतींतलं लोह शरीर सगळंच्या सगळं घेत नाही. लिंबू पिळलं तर थोडं जास्त घेतं, जेवणाच्या मागोमाग चहा ढोसला तर आणखी कमी. आणि जेवणाच्या मागोमाग चहा आपण ढोसतोच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. हा आकडा किसणीने हलणारा नाही. म्हणून सरकार गोळ्या वाटतं. शाळेतल्या किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. बिटाच्या भाषेत सांगायचं तर साडेसात किलोच्या वर. गंमत म्हणजे ही गोळी निळी असते. निळी! नातीचं रक्त निळं होईल म्हणून एखादी आजी शाळेत भांडायला गेल्याचं ऐकिवात नाही. बाजरीतही बिटाच्या कितीतरी पट लोह आहे, पण भाकरी पडली करड्या रंगाची. तिला रक्ताचं खातं कोण देणार?

आजीवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. रक्त तयार व्हायला लोहासारखंच फोलेटही लागतं, आणि ते बिटात खरोखर चांगलं असतं, शंभर ग्रॅम कच्च्या बिटात सुमारे शंभर मायक्रोग्रॅम. शिजवलं की त्यातलं काही जातं. म्हणजे आजीचं उत्तर पूर्ण चुकलेलं नव्हतं, रीत चुकली होती. गणिताच्या पेपरात याला दोन मार्क मिळतात.

मग तो लाल रंग करतो काय? रंगवतो. त्याच्यातल्या मुख्य रंगद्रव्याचं नाव बिटानीन, आणि खाद्यरंग म्हणून त्याला ई १६२ असा क्रमांकसुद्धा मिळाला आहे. पावभाजीच्या तव्यावर तो काश्मिरी मिरचीचा खर्च वाचवतो, कटलेटला कटलेटपण देतो, आणि मुंबईच्या सँडविचमध्ये काकडी-टोमॅटोच्या शेजारी बसून पाव असा भिजवतो की सँडविच कुणी खाल्लं हे शर्टावरून कळतं. मात्र फार उकळलं की हाच रंग विटतो. बिटाचा हलवा करायला घेतलेल्या बायकांना हे ठाऊक असतं: सुरुवातीला राणी कलर, शेवटी शेणकट. थोडं आंबट पडलं तर रंग जरा टिकतो. रंगाने एवढं केलं की त्याचं काम संपलं. पुढे तो बहुतेकांच्या पोटात मोडतो, आणि काहींच्या बाबतीत न मोडता सरळ बाहेर पडतो.

हे बाहेर पडणं फार नाट्यमय असतं. आमच्या नात्यातल्या एका भावोजींनी लग्नाच्या पंगतीत सॅलडच्या टेबलावर मनसोक्त बीट खाल्लं. रुखवतावर ठेवावं तसं कमळ कोरून ठेवलेलं होतं, ते पाकळ्यांसकट यांनी संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून आवाज आला तो थेट मृत्युपत्राचा. मुलगा सुट्टी टाकून आला, बहिणीने देव पाण्यात ठेवले, सोनोग्राफीची वेळ घेतली. डॉक्टरांनी फाइल न उघडताच विचारलं, "काल बीट खाल्लं होतं का हो?" दहा-बारा जणांत एखाद्याला असं होतं, त्यात आजार काही नाही, असं त्यांनी समजावलं. भावोजींना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांना राग आला. "म्हणजे मी रक्त वाढावं म्हणून खाल्लं, आणि ते तसंच्या तसं गेलं?" आता यातला खरा टोमणा निसर्गाचा आहे: ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्यात हा प्रकार जास्त आढळतो. बीट खाऊन लाल झालेली लघवी रक्त वाढल्याची पावती मुळीच नाही, झालीच तर उलट कुजबुज आहे. (बीट न खाता लाल दिसली तर मात्र विनोद तिथेच थांबवावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

एवढ्यावर बिटाला निरोप दिला असता तर लेख लवकर संपला असता. पण ते खरोखर एक काम करतं, आणि त्या कामाचा लाल रंगाशी काडीचा संबंध नाही. ते काम करतं नायट्रेट. त्याला रंग नाही. प्रत्येक कचेरीत असतं ना, भडक शर्टवाले साहेब सत्कार घेतात आणि फाइली मात्र कोपऱ्यातला एक न बोलणारा कारकून निकाली काढतो, तसं हे आहे. आपण खाल्लेलं नायट्रेट रक्तात शोषलं जातं, तिथून फिरून लाळेत येतं, आणि जिभेच्या मागच्या बाजूला राहणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब थोडा उतरतो. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामगिरीचा शोध एवढा मोठा होता की १९९८ चं वैद्यकाचं नोबेल त्यासाठी तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं. जिभेवरच्या जीवाणूंना काही मिळालं नाही. त्यांना आपण जाहिरातीतल्या निळ्या-हिरव्या माउथवॉशने गुळण्या करून मारतो. जंतुनाशक माउथवॉश वापरलं की हे जीवाणू कमी होतात आणि बिटाची मात्रा लागू पडत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. बिटाचा वास जावा म्हणून गुळणी करणाऱ्यांनी बीट आणि गुळणी यांपैकी एकाचेच पैसे खर्च करावेत.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात २००८ साली निरोगी माणसांना अर्धा लिटर बिटाचा रस पाजला. अडीच-तीन तासांत वरचा दाब दहाएक अंकांनी उतरला. मग २०१५ साली तिथल्याच मंडळींनी रक्तदाबाचे साठ-पासष्ट रुग्ण घेतले आणि त्यांना महिनाभर रोज पाव लिटर रस दिला. वरचा दाब सात-आठ अंकांनी खाली आला. इथे मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. निम्म्या रुग्णांना दिलेला रस दिसायला हुबेहूब तसाच होता, तितकाच लाल, तितकाच मातकट. फक्त त्यातलं नायट्रेट आधीच काढून घेतलेलं. त्या रसाने दाब उतरला नाही. लाल रंगाची इतकी सभ्य आणि इतकी निर्दय हजेरी आजवर कुणी घेतली नसेल. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत रुग्णांचा दाब पुन्हा पहिल्या जागी गेला, हेही त्याच अभ्यासात आहे, पण एवढं कुणी फॉरवर्ड करत नाही. असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले की सरासरी चारेक अंकांचा उतार निघतो. चार अंक कमी नव्हेत. पण चार म्हणजे चार, चाळीस नव्हेत.

हे आमच्या बागेबाहेरच्या रसवाल्याला कोण सांगणार? सकाळी साडेसहाला तो कारल्याचा, दुधीचा, गव्हांकुराचा आणि बिटाचा रस घेऊन उभा असतो. मागे हाताने लिहिलेला फलक. त्यावर बिटापुढे बीपी, शुगर, किडनी, मूतखडा, केस, थकवा आणि खाली बारीक अक्षरांत "इ." असं आहे. या "इ."मध्ये उरलेलं सगळं वैद्यक येतं. आमच्या इमारतीतले निवृत्त काका तिथले कायमचे गिऱ्हाईक. आठवडाभर रस प्यायले, यंत्राने दाब मोजला, बरा आला, आणि गोळी त्यांनी आपल्या अधिकारात बंद केली. मी म्हटलं, "काका, डॉक्टरांना विचारलंत का?" तर म्हणाले, "त्यांना कशाला विचारायचं? त्यांचं दुकान बंद होईल." पुढच्याच आठवड्यात काकूंनी त्यांना रिक्षात घालून त्याच दुकानात नेलं. नशीब, वेळेवर नेलं. आता ते गोळीही घेतात आणि रसही, आणि दाब आटोक्यात आहे त्याचं श्रेय अर्थातच बिटाला देतात.

फलकावर जी नावं लिहिली आहेत त्यांतली बरीचशी ग्राहकांऐवजी बिटापासून लांब राहायच्या लोकांची यादी म्हणून जास्त शोभली असती. बिटात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि बहुतेकांचा मूतखडा कॅल्शियम ऑक्झलेटचाच असतो. त्यामुळे खड्याच्या माणसाने रोज ग्लासभर बीट पिणं म्हणजे घर बांधणाऱ्याला विटा पुरवणं. किडनी अधू असेल तर पोटॅशियम मोजून खावं लागतं, आणि तेही बिटात सढळ आहे. शुगरचं म्हणाल तर वाटीभर कोशिंबिरीने कुणाचं काही बिघडत नाही. पण मिक्सरमधून चार बिटं, दोन गाजरं, एक सफरचंद काढून गाळणीवर चोथा टाकून दिला की ग्लासात उरते ती बरीचशी साखर. शंभर ग्रॅम बिटात सातेक ग्रॅम साखर असते. बिटाची ही बाजू आपल्याला माहीत नसते, कारण आपली साखर उसाची. प्रवरेपासून पंचगंगेपर्यंत सगळं राजकारण उसावर चालतं, त्यात बिटाला कोण उभं करणार? पण १७४७ साली बर्लिनच्या मार्गग्राफने बिटात साखर आहे हे दाखवलं, आणि पुढे इंग्रजांशी वैर असल्यामुळे नेपोलियनला उसाची साखर मिळेना तेव्हा १८११ पासून त्याने फ्रान्समध्ये बीट लावायला लावलं. जात साखर-बिटाची, वाणाने पांढरी, पण कुळी तीच. आपलं लाल बीट तिच्या एवढं गोड नसलं तरी चुलत बहीण आहे.

खेळाडूंचं थोडक्यात. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात २००९ साली काही तरुणांना सहा दिवस बिटाचा रस देऊन सायकल मारायला लावली. ते दमायच्या आधी नेहमीपेक्षा सोळा टक्के जास्त वेळ टिकले. त्यानंतर ऑलिंपिकपटूंपासून मॅरेथॉनवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या पिशवीत बिटाच्या छोट्या बाटल्या आल्या. पुढे असंही दिसलं की ज्यांचं शरीर आधीच पराकोटीचं कसलेलं आहे, त्यांना फायदा कमी होतो, साध्या धावणाऱ्यांना जरा जास्त. बाकावर बसून रस पिणाऱ्यांवर अजून अभ्यास झालेला नाही, पण आमच्या बागेत नमुना तयार आहे.

नायट्रेट पालकात आणि मुळ्यातही भरपूर असतं. मुळ्याचा रस ग्लासात भरून कुणी बागेबाहेर उभं राहिलं तर बाग ओस पडेल, हा भाग वेगळा. मुळ्याने चेहऱ्यावर तेज येतं असं म्हणायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. बिटाने येतं म्हणतात. ओठांवर चोळलं तर लाली येते हे खरं. दोन चहा होईपर्यंत टिकते.

हसता हसता एका जागी मात्र अडखळायला होतं. दक्षिण आफ्रिकेत १९९९ ते २००८ या काळात मांटो त्शाबालाला-म्सिमांग आरोग्यमंत्री होत्या. देशात एड्सने माणसं मरत होती आणि या बाई औषधांच्या दुष्परिणामांवर बोलत, बीट, लसूण, लिंबू यांची शिफारस करत. त्या स्वतः डॉक्टर होत्या. टोरोंटोच्या २००६ च्या जागतिक एड्स परिषदेत त्यांच्या सरकारच्या दालनात बीट, लसूण आणि लिंबं मांडून ठेवलेली होती. लोक त्यांना "डॉक्टर बीटरूट" म्हणू लागले. २००८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला. औषधं वेळेवर न दिल्याने २००० ते २००५ या काळात तिथे तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसं गेली. बिटाचा यात दोष नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. पण "गोळ्या नंतर बघू, आधी बीट आणा" हे वाक्य घरात उच्चारलं तर विनोद असतो, आणि खुर्चीवरून उच्चारलं तर काय होतं ते त्या आकड्यात आहे.

घरात बीट कसं खावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत, आणि ती कुणी विचारत नसल्यामुळे इथे देते. कोशिंबिरीसाठी बीट सालीसकट कुकरला लावावं. फोडी करून उकळलं की रंग, नायट्रेट, फोलेट सगळं पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. मोरीचा रक्तदाब उत्तम राहतो. गार झाल्यावर साल बोटाने सुटतं. किसून, दही, दाण्याचं कूट, मीठ, किंचित साखर, वरून तुपात हिंग-जिरं-मिरचीची फोडणी. पाहुण्यांना वाढताना कोशिंबीर गुलाबी का आहे हे सांगू नये. कच्चं खायचं तर बारीक किसून लिंबू पिळावं. हे आठवड्यातून दोन-तीनदा पानात असावं, जसा कधी मुळा असतो, कधी काकडी. रोज नेमाने ग्लास भरून पिणाऱ्यांशी माझं वैर नाही, फक्त त्यांनी लिफ्टमध्ये त्याविषयी बोलू नये.

आणि पाला टाकू नये. बिटाच्या पानांत लोह कंदाच्या तिपटीच्या आसपास असतं, अ जीवनसत्त्वाची सोय असते, नायट्रेटही असतं. (ऑक्झलेटही असतं, खडेवाल्यांनी इथेही लांब राहावं.) लसणीवर परतली तर चवळईच्या जवळपास लागतात. म्हणजे रक्तासाठी आपण ज्या बिटामागे धावतो, त्यातला कामाचा भाग मंडईत पिळून उकिरड्यावर जातो, कारण तो हिरवा असतो.

आमच्या भाजीवालीसमोर मी एकदा हा पाला मागितला. तिने जुडीची मान पिरगळायला घेतलेली, ती थांबली. "पाला कशापायी ओ ताई? ससा पाळलाय का?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर पुढच्या बुधवारी तिने पाल्याचे वेगळे पैसे लावले असते. आता ती दर वेळी माझ्यासाठी पाला बाजूला काढून ठेवते, आणि जाता जाता सशाची तब्येत विचारते.